गोडसे भटजींची झाशी

झाशीच्या किल्ल्यावर तटाशी एक जागा दाखवतात. राणीने दत्तक मुलाला पाठीशी बांधून इथूनच घोड्यासकट उडी घेतली, असे तिथली पाटी सांगते. मी गेले तेव्हा एक म्हातारी बाई तटाच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावत होती. खाली वाकून पाहिले की पोटात गोळा येतो. माझ्या पिशवीत विष्णुभट गोडसे यांचे १८५७ च्या बंडाच्या काळातले प्रवासवर्णन, ‘माझा प्रवास’, होते. त्यात ही उडी नाही. त्यातली बाईसाहेब पुरुषवेशात, मूल पाठीशी बांधून, स्वारांसह रात्री शहराबाहेर पडते आणि काल्पीचा रस्ता धरते. तारीख ४ एप्रिल १८५८.

यातले खरे कोणते, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट लागून राहिली. पाटीवरच्या झाशीला फक्त तट आहे. पुस्तकातल्या झाशीला गल्ल्या आहेत, विहिरी आहेत, सकाळी उठून पूजेची तयारी करणारी घरे आहेत. एकाच गावाच्या या दोन झाशा कशा झाल्या?

इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये वेढा घातला. त्या बाजूच्या लष्करी कागदांत झाशी म्हणजे एक मोजलेली वस्तू आहे. खडकावर उभा किल्ला, भिंतींची जाडी सोळा ते वीस फूट, तोफा कुठून किती अंतरावर लागू होतील, खिंडार कुठे पडेल. वर्णन नेमके आहे, आणि नेमके असणे त्या लेखकांचे कामच होते. पण ज्याला भिंत पाडायची आहे त्याला भिंतीपलीकडचा माणूस ‘शत्रू’ या एकाच शब्दात मावतो. जून १८५७ मध्ये झोकनबागेत बायकामुलांसह साठएक युरोपियन मारले गेले होते. त्याचा राग त्या लिखाणात आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. मात्र त्या रागाने सगळे शहर एका गुन्ह्याचे ठिकाण होऊन बसते. ब्रिटिशांच्याच इतिहासात झाशीत पाच हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. तो आकडा वाक्याच्या ओघात येतो आणि पुढच्या ओळीत फौज काल्पीकडे निघालेली असते.

नंतरच्या सरकारी नोंदींत तर झाशी देण्याघेण्याची मालमत्ता आहे: शिंद्यांच्या हवाली केलेली, १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतलेली.

मग आपली माणसे लिहू लागली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे मराठी चरित्र १८९४ साली आले. इंग्रजी अमलात चरित्र लिहायचे तर राणीची बाजू वकिलासारखी मांडावी लागे. पारसनिसांची राणी परिस्थितीने लढाईत ओढली गेलेली आहे. पेशाने खरोखरच वकील असलेल्या वृंदावनलाल वर्मा यांना हे पटले नाही. ते झाशी जिल्ह्यातले, त्यांचे पूर्वज त्या लढाईत पडलेले, आणि लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून त्यांनी ऐकले होते की राणी स्वराज्यासाठी लढली. १९४६ साली आलेली त्यांची कादंबरी या ऐकलेल्या झाशीवर उभी आहे. सुभद्राकुमारी चौहान यांची कविताही आपण हरबोल्यांच्या, म्हणजे बुंदेलखंडातल्या फिरत्या गायकांच्या, तोंडून ऐकलेले सांगतो आहोत, असेच म्हणते. भा. रा. तांब्यांची मराठी कविता तर झाशीत थांबतसुद्धा नाही, ती ग्वाल्हेरला राणीच्या समाधीपाशी उभी राहते. मी या कविता लहानपणी पाठ केल्या, आजही त्या ऐकताना अंगावर काटा येतो. पारतंत्र्यातल्या माणसाला ताठ उभे करायला त्या हव्याच होत्या. पण राणी जसजशी मोठी होत गेली तसतसे तिच्यामागचे गाव लहान होत गेले, एवढे मात्र खरे. कवितेला घोडा, तलवार आणि तट पुरतो. पाणी कुठून भरायचे, हे तिला विचारावे लागत नाही.

गोडसे भटजींना ते विचारावे लागले. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा तिशीतला भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठा दानधर्म होणार, अशी वार्ता आली म्हणून काकांबरोबर १८५७ साली तो उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. झाशीत तो राहिला ते दक्षिणी मंडळींच्या आधाराने. नारो शंकर आणि पुढे नेवाळकर यांच्या काळात वसलेली ही मराठी वस्ती, तिच्या ओळखी, तिची अनुष्ठाने. आज कुठे जेवण, किती दक्षिणा, कोणाचा वाडा कसा, हे सगळे तो पाहतो, कारण त्याचे पोट त्यावर आहे. वेढा तोंडावर आलेला असताना वाड्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणि मग शहर पडल्यावर बिजन, म्हणजे सरसकट कत्तल. तो आणि काका घरात दडून बसतात. कत्तलीपाठोपाठ लूट येते, आणि ती त्याने जशी सांगितली आहे तशी मी दुसरीकडे कुठे वाचली नाही. आधी सोने, चांदी, रोकड. मग तांब्यापितळेची भांडी. मग कपडेलत्ते. शेवटी धान्य. गेली पावणेदोनशे वर्षे आपण झाशी पडली असे म्हणतो. पडली म्हणजे काय झाले, ते या क्रमात आहे. हंडे गेल्यावर पाणी कशात भरणार आणि दाणे गेल्यावर चूल कशासाठी पेटवणार? पुढे चौकाचौकांत प्रेते जाळली गेली, तेव्हा सरण घरांच्याच लाकडांचे होते. संस्थानचा संस्कृत पोथ्यांचा संग्रह उधळला गेला, त्याची हळहळ हा गरीब वैदिक स्वतःच्या लुटलेल्या पैशांइतकीच मनापासून करतो.

त्याची स्मृती चुकत नाही असे मुळीच नाही. पंचवीसएक वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्याने हे लिहिले. ऐकीव गोष्टी आणि गावगप्पा त्यात भरपूर आहेत. पुस्तक छापले गेले १९०७ साली, त्याच्या पश्चात, आणि वैद्यांनी त्यात बरीच काटछाट केली, भाषा सारखी केली. मूळ लेखन वाचकांपुढे आले ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. मधली साठ वर्षे मराठी माणसाने वाचली ती आवरलेली झाशी. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना बंडाचा इतिहास हवा होता, आणि इतिहासात गावातली लफडी व जातीपातीचे तंटे शोभत नाहीत, असे त्या काळच्या सुशिक्षितांना वाटे. मला मात्र ती लफडीच मोलाची वाटतात. ज्या गावात भांडणे होती, कुजबुज होती, तिथे माणसे राहत होती याची खात्री पटते. हुतात्म्यांच्या गावात कुणी बाजारहाट करताना दिसत नाही.

काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, भटजींना राणी पुन्हा भेटते. धुळीने माखलेली, तहानलेली. ते पाणी काढायला पुढे होतात, तर ती विद्वान ब्राह्मणाला ते काम करू देत नाही, मडके स्वतः घेते, पाणी काढते आणि ओंजळीने पिते. वर्म्यांची राणी, तांब्यांची राणी, पाटीवरची राणी मी विसरू शकत नाही. पण पाणी ओढणारे तिचे हात मला दिसले ते इथेच.

दक्षिणेसाठी निघालेला तो माणूस नागवला जाऊन परतला. वरसईला पोचला तेव्हा त्याच्या खांद्यावर आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड होती.