स्नायूला भार कळतो

जमिनीवर बसलेला माणूस उठताना कधी नीट पाहा. एक हात फरशीवर टेकतो, दुसरा गुडघ्यावर, आणि तोंडातून ‘आई गं’ निघतं. आपण वयाला दोष देतो. वयाचा वाटा आहेच. पण न वापरलेला स्नायू अधिक वेगाने झिजतो, आणि तो वापरणं तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी व्यायामशाळा लागतेच असं नाही. स्नायूला यंत्र कळत नाही, भार कळतो. तो लोखंडाचा की आपल्याच देहाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तालमीतल्या पैलवानांनी जोर-बैठकांवर अंग कमावलं.

तुम्ही म्हणाल, व्यायामाला वेळ कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटना स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातले किमान दोन दिवस मागते, रोजचे तास नव्हेत. चहाचं आधण उकळेपर्यंत ओट्याच्या कडेला तळवे टेकवा. टाचा मागे घ्या. छाती सावकाश खाली न्या, मग वर या. हा जोरच झाला. मग खुर्चीवरून हळूहळू उठा, बसा. सोपं वाटू लागलं, की ओट्याऐवजी बुटकं, भक्कम स्टूल घ्या. कारण भार कळतो, तसा सवयीचा झालेला भार कळेनासाही होतो. काही म्हणतील, आता या वयात? पण नव्वदीतल्या माणसांचीही ताकद स्नायूंना भार देणाऱ्या व्यायामाने वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा आजीआजोबांनाही बोलवा. गुडघ्याचा वा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, खुर्ची उंच घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा.