तळं खणणाऱ्याच्या गावात

मूल देव देतो की शरीर, असं सोलापुरात कुणी उघड विचारत नाही. उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. लग्नाला तीन-चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की बाईच्या मागं उपास लागतात, नवस लागतात, कुणीतरी त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळीचा पत्ता आणून देतं. मला तुळजापूरला नेलं, अक्कलकोटला नेलं, गाणगापूरला नेलं. मी गेले आणि मनापासून हात जोडले. माझी देवावर श्रद्धा आहे, म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्याचा मला संताप येतो.

आम्ही लिंगायत. बाराव्या शतकातल्या शरणांनी सुतक मोडीत काढलं, विटाळ मोडीत काढला. आमच्यात गेलेला माणूस लिंगैक्य होतो. त्याला पिंड लागत नाही, श्राद्ध लागत नाही. मुलाच्या हातचं पाणी मिळालं नाही तर आईबाप वर अडकून पडतात, ही भीती आमच्या धर्मात बसतच नाही. तरीही भर हळदीकुंकवात चुलत सासूबाईंनी विचारलंच, "तुम्हाला शेवटचं पाणी कोण पाजणार गं?" दुसऱ्या एकीनं गेल्या जन्मीचं काहीतरी असेल म्हणून सुस्कारा सोडला. वाण घेऊन मी घरी आले आणि पुढच्या वर्षी गेले नाही.

माझे मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सायझिंगमध्ये आहेत. सुताला खळ लावायची, वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून ते वाळवून बीमवर घ्यायचं, आणि हे सगळं सोलापूरच्या एप्रिल-मेमध्येसुद्धा. डॉक्टरांनी नावानंतर लगेच त्यांचं काम विचारलं. शुक्राणू तयार व्हायला अंगातल्या उष्णतेपेक्षा थोडा गारवा लागतो. वर्षानुवर्षं अशा धगीत उभं राहणाऱ्याची संख्या घटू शकते, असं त्यांनी समजावलं. रिपोर्टमध्ये संख्या कमीच आली.

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत आमचं घर आहे. सासूबाईंना विडी कामगार म्हणून मिळालेलं. मिस्टर घरी आले तेव्हा त्या दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रिपोर्टचा कागद त्यांच्यापुढं धरून ते म्हणाले, "आई, अडचण माझ्यात आहे. हिला आता कुणी काही बोलायचं नाही." सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, तंबाखूचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मग औषध घे की." त्या दिवसापासून आमच्या घरात पापाचा विषय निघालेला नाही. बोट माझ्याकडं होतं तोवर ते कर्म होतं, मिस्टरांकडं वळल्यावर तो आजार झाला. कर्माचा सिद्धांत इतक्या झटक्यात बदलत असेल, तर तो सिद्धांत नव्हताच. बाईला गप्प बसवायची ती सोय होती. जगात दर सहा माणसांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्व गाठतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण, एकट्याचं म्हणून किंवा दोघांचं मिळून, पुरुषाकडंही असतं. एवढ्या लोकांना एकाच पापाची शिक्षा देणारा देव मी तरी मानत नाही.

टेस्ट ट्यूब बाळाचे उपचार सुरू झाले तसे दिवस इंजेक्शनवर मोजायला लागलो. पोटावर टोचायची ती इंजेक्शनं थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणायची आणि फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवायची. लाईट गेली की आमचा जीव टांगणीला. अंडी किती वाढली ते बघायला सोनोग्राफी, मग भूल देऊन ती काढायची, एकेका अंड्यात सुईनं एकेक शुक्राणू सोडायचा, गर्भ तयार झाला तर तो पिशवीत ठेवायचा आणि चौदा दिवस वाट बघून रक्त द्यायचं. एका खेपेचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात, आणि तरुण बाईचीसुद्धा खेप वाया जाण्याचीच शक्यता जास्त. मिस्टरांचा पगार महिना सोळा हजार. भिशी उचलली, माझ्या पाटल्या पतसंस्थेत तारण गेल्या. सरकारी आरोग्य योजनेत हा उपचार बसत नाही, असं उत्तर मिळालं.

माझा खरा धर्मप्रश्न त्या पैसे भरायच्या खिडकीशी सुरू झाला. मूल ही कृपा असेल, तर ती दोन लाख मोजणाऱ्याच्याच घरी का उतरते? आणि हा आजार असेल, तर त्याला नवसाच्या खात्यावर टाकून आपण सगळे मोकळे कसे होतो?

उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामाची, गोष्ट मूल नसलेल्या घरातच सुरू होते. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी हे उतारवयाचं जोडपं. सिद्धपुरुष रेवणसिद्धांनी सांगितलं की तुझ्या पोटी योगी जन्मेल, आणि सिद्धराम झाला. नवस करणाऱ्या बायका गोष्ट इथंच थांबवतात. पण ती पुढं जाते. शेतात आलेल्या मल्लय्या नावाच्या जंगमानं पोराकडं हुरडा मागितला, मग दहीभात मागितला. पोरगा घरून दहीभात घेऊन आला तर जंगम नाही. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत तो श्रीशैलच्या वाटेला लागला. म्हातारपणी भरलेली सुग्गलादेवीची ओटी तिच्या डोळ्यांदेखत रिकामी झाली. तिच्या त्या दिवसांबद्दल आपल्याकडं फारसं बोलत नाहीत. मला मात्र त्याच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत दरवेळी तिचीच आठवण येते.

श्रीशैलला मल्लिकार्जुन भेटला, तेव्हा त्यानं सिद्धरामाला जवळ ठेवून घेतलं नाही. परत सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, जा, तिथं काम कर, असं सांगून पाठवलं. सिद्धरामानं येऊन अडुसष्ट लिंगं स्थापली आणि लोकांना हाताशी धरून तळं खणलं. पाऊस देवाचा, पण तो साठवायचा कसा आणि गावाला पाणी पुरवायचं कसं, हे काम त्यानं माणसांवर सोपवलं. नशिबावर सोडलेली गोष्ट सगळ्यांच्या हक्काची करणं, ही मला त्याची सर्वांत मोठी शिकवण वाटते.

शरण अल्लमप्रभूंनी मात्र त्याला नुसता खणणारा म्हणून झिडकारलं होतं. मी केलं, माझं तळं, हा अहंकार त्यांना दिसला. पुढं बसवकल्याणला सिद्धरामानं चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. तो बोल मलाही लागतो. माझंच रक्त, माझंच नाक-डोळे असलेलं मूल हवं, या हट्टात 'माझं' किती आहे हे मी स्वतःला विचारत असते. दत्तकासाठी नाव नोंदवायचं आम्ही बोललो आहोत. पण हट्ट सोडायचा तर तो मनातून सुटायला हवा. पैसे संपले म्हणून सुटला, तर त्याला वैराग्य म्हणायला मी तयार नाही.

पैशाचा प्रश्न मात्र तसाच उरतो. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुंबईत टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, ते परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. ही विद्या महाराष्ट्रात लोकांच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात रुजली आणि पुढं बहुतेक खासगी काउंटरमागं गेली. या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न अशी वयाची मर्यादा घातली. खर्च कुणी उचलायचा, यावर तो गप्प आहे. गोव्यानं मात्र २०२३ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले.

आमचे उपचार सध्या थांबलेत. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे, तिथं स्त्रीरोग विभाग आहे. त्या विभागात विडी वळणाऱ्या आणि मागावर उभ्या राहणाऱ्या घरांसाठी असं केंद्र सुरू करा, ही मागणी आमदार-खासदारांकडं आणि देवस्थानांच्या पंचांकडं आपण सगळ्यांनी मिळून करूया.