भिंत एकच, वेळा दोन

मुंबईहून निघालेली लोकल कसाऱ्याला थांबते. त्यापुढे थळ घाटाचा चढ लागतो. स्टेशनच्या आसपास आणि महामार्गालगत चाळी आहेत. त्यांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या अनेकांचा दिवस गाडीच्या वेळेवर चालतो. पहाटेची लोकल धरणारा रात्री नऊलाच दिवा मालवतो. शेजारचा दुसऱ्या पाळीचा माणूस अर्ध्या रात्री येतो, कुलूप काढतो, स्टोव्ह पेटवतो, बादलीत पाणी ओततो. दोघांच्या मध्ये एका विटेची भिंत असते आणि वर सलग पत्रे. एकाची खाट सरकली की दुसऱ्याची झोप मोडते.

शेजाऱ्याच्या त्रासाचा विचार करताना सुरुवात इथून करायला हवी. उशिरा येणाऱ्याला जेवावं लागतंच. तान्हं बाळ रडतं, म्हातारं माणूस रात्रभर खोकतं. ही माणसाची गरज आहे, ती आपण सोसायची असते, कारण उद्या आपलीही पाळी येते. पण रात्री बारा वाजता स्पीकर लावणं, दारू पिऊन दारासमोर शिवीगाळ करणं, नळाच्या रांगेत दांडगाई करणं, बायामुलींना मोरीपर्यंत जाणं नकोसं करणं, यात गरज कुठे आहे? ही मग्रुरी आहे. तिला ‘चालायचंच’ म्हणून पोसणं हा समजूतदारपणा नव्हे.

पाण्याचं तर विशेष. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं कसाऱ्याच्याच शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी चाळीच्या सामाईक टाकीतून कुणी आपल्या वाट्याहून जास्त पाणी घेतलं, तर शेजारणीच्या घरचा स्वयंपाक अडतो. ते भांडण पाण्याचं दिसतं, पण एका घराने दुसऱ्या घराला मोजलंच नाही, हे त्यातलं खरं दुखणं असतं.

मग माणसं गप्प का बसतात? “आपण भाडेकरू, आपण काय बोलणार?” अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम मालकाकडे अडकलेली, मुलांची शाळा जवळ. तक्रार केली तर मालक म्हणेल, पटत नसेल तर खोली बदला. बऱ्याचदा तसंच होतं. ज्याला त्रास होतो तो बिऱ्हाड हलवतो आणि त्रास देणारा तिथेच राहतो. महिन्याचं भाडं वेळेवर मिळालं की आपली जबाबदारी संपली असं मानणारा घरमालकही या अन्यायात भागीदार असतो.

कायदा मात्र भाडेकरू आणि मालक असा भेद करून शांतता वाटत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात स्पष्ट केलं, की शांतपणे जगणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि आवाज वाढवून तो दुसऱ्याच्या कानांवर लादण्याचा हक्क कुणालाही नाही. हा हक्क सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला जितका आहे, तितकाच दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्यालाही आहे.

हक्क आहे म्हणून पहिल्याच रात्री पोलीस बोलवावेत असं नाही. आधी बोलावं, पण भांडणाच्या भरात किंवा समोरचा प्यालेला असताना बोलू नये. दुसऱ्या दिवशी उजेडात, शांतपणे जाऊन सांगावं, “दादा, पहाटे उठायचं असतं, रात्री आवाज तेवढा कमी ठेवा.” कितीतरी प्रकरणं इथेच मिटतात, कारण पलीकडच्याला खरोखर कल्पना नसते. नाही मिटलं तर तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि मालकाला लेखी कळवावं. पुढे गाव आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती असे तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत यासाठीच. तंटामुक्त समितीपुढे आणि पोलीस पाटलांकडे भाडेकरूनेही मोकळेपणाने जावं. तरीही ऐकत नसेल तर पोलीस ठाणं आहे. शांतताभंगाची भीती असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेऊ शकतात. मात्र मारहाण, धमकी किंवा बाईमाणसाची छेड असेल तर या पायऱ्या चढत बसू नये. सरळ 112 क्रमांक फिरवावा.

कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. चढ 37 फुटांना एक फूट इतका उभा आहे, पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बळावर त्यांना तो पार होत नाही. चाळीतल्या तक्रारीचंही तसंच आहे. एकट्या बाईने तोंड उघडलं तर ती ‘भांडखोर’ ठरते. चार बिऱ्हाडांनी एका कागदावर सह्या केल्या तर मालकालाही ऐकावं लागतं. म्हणून तिने सही मागितली, तर दार लावून घेऊ नका.

आणि एक गोष्ट सांभाळा. कामाच्या शोधात परमुलुखातून आलेल्या मजुराच्या, पाड्यावरून उतरलेल्या कातकरी कुटुंबाच्या नावावर कुठलाही गोंधळ सहज खपवला जातो. तक्रार वागण्याची असावी, जातीची, भाषेची किंवा गावाची नको. त्रास देणाऱ्याचं पाणी तोडणं, वीज बंद करणं, सामान रस्त्यावर फेकणं हा न्याय नव्हे. भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे तिथे शेजाऱ्यांना उपद्रव देणं हे जागा परत मागण्याचं कारण ठरतं, पण तो निर्णय न्यायालयाने द्यायचा असतो, दांडग्यांनी नव्हे. दांडगाईला दांडगाईने उत्तर दिलं, की चाळीत एक दांडगा होता तिथे दोन होतात.

भाडं भरून आपण चार भिंती घेतो, पण त्यांतल्या काही कुणाच्या ना कुणाच्या घराला लागून असतात. आज रात्री आवाज वाढवण्याआधी भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे याचा विचार करा. आणि पलीकडून अन्याय होत असेल तर घर बदलण्याआधी एकदा तोंड उघडा. शेजाऱ्यांना सोबत घ्या, पण गप्प राहू नका.