नोंद आणि नाते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये होतात. पिढीची जागा भरून निघण्यास सुमारे २.१ लागतात. पाळणे आपल्याच घरांतून कमी झाले आहेत. निमोणे ज्या शिरूर तालुक्यात आहे, तेथे रांजणगावच्या कारखान्यांत परप्रांतीय बाप राबतात. १९६९ च्या कायद्याप्रमाणे येथे जन्मलेल्या त्यांच्या बाळाची नोंद बापाच्या मुलखात नव्हे, येथेच होते. तरीही ‘त्यांची संख्या वाढली’ असे आपण कुजबुजतो. भाषेची, रोजगाराची चिंता खोटी नव्हे. परंतु तिचा जाब तान्ह्या बाळाला विचारणे हा अन्याय होय. बाळाला घेऊन मिसर देशी आसरा शोधणारा योसेफही परप्रांतीय बापच होता. किती जन्मले, एवढेच आकडा सांगतो. ते कोणाचे, हे आपल्या वागण्याने ठरते.