आधी कुणाला दिसला?

उपदेश करणारा माणूस समोर बसला की ऐकणारा आपोआप अवघडतो. मान डोलावतो, नजर चुकवतो आणि सुटका कधी होते याची वाट बघतो. तेच दोघं शेजारी उभे राहून झाडीत एखादा पक्षी शोधत असले, की अवघडायला सवडच उरत नाही.

लंडनच्या ऑल सोल्स चर्चचे धर्मगुरू जॉन स्टॉट (१९२१–२०११) यांनी हे दोन्ही अनुभवलं होतं. शाळकरी वयात त्यांना ख्रिस्ती श्रद्धेची वाट दाखवली एरिक नॅश यांनी. नॅश पुढे काही वर्षं त्यांना नेमानं लांबलचक पत्रं लिहीत. पत्रात मायाही असे आणि कानउघाडणीही. पाकीट फोडण्याआधी प्रार्थना करून मन घट्ट करावं लागे, असं स्टॉट यांनीच सांगून ठेवलंय. या पत्रांचं ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही. पण स्वतः मार्गदर्शक झाल्यावर तरुणांशी त्यांचं सूत जुळलं ते बरंचसं दुर्बिणीमुळे.

हा छंद त्यांना वडिलांकडून मिळाला. वडील नामांकित डॉक्टर, देवाधर्माच्या बाबतीत साशंक. लहानग्या जॉनला ते रानात नेत आणि तोंड बंद, डोळे-कान उघडे ठेवायला सांगत. पुढे महायुद्धाच्या काळात मुलानं शस्त्र न धरण्याची भूमिका घेतली आणि बापलेकांचं बोलणं जवळपास तुटलं. पक्ष्यांचं वेड मात्र तसंच राहिलं.

स्टॉट यांनी लग्न केलं नाही. पुस्तकांचं मानधन गरीब देशांतल्या पाळकांच्या आणि अभ्यासकांच्या शिक्षणाकडे वळवलं. जगभर व्याख्यानांना जात तेव्हा सामानात दुर्बीण असेच, आणि सोबत कुणीतरी तरुण सहायक. ही मंडळी त्यांना ‘अंकल जॉन’ म्हणत. आपण जॉनकाका म्हटलं असतं. छंदाला आधार म्हणून ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाकडे बोट दाखवत: पाखरांकडे बघा, ही तर प्रभूची आज्ञाच! १९९९ साली त्यांनी पक्ष्यांकडून काय शिकावं यावर एक छोटं, देखणं पुस्तकही काढलं. त्यातले काही धडे जरा ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात, पण पक्ष्यांवरचं प्रेम अस्सल आहे.

पक्षीनिरीक्षणात मोठेपणा फार वेळ टिकत नाही. ‘कुठे?’ ‘त्या बेचक्यात, उजवीकडे, जरा खाली.’ ‘छे, पान आहे ते.’ ‘पान नव्हे, शेपटी हलतेय बघा!’ असल्या संवादात गुरू कोण आणि शिष्य कोण? उतारवयात स्टॉट यांची एका डोळ्याची नजर अधू झाली. मग पक्षी आधी कुणाला दिसत असेल, हे वेगळं सांगायला नको. ज्याला आपण काहीतरी दाखवू शकतो, त्याच्याजवळ मनातली शंकाही बोलून दाखवता येते.

अशाच मैत्रीतला एक तरुण पाळक म्हणजे पीटर हॅरिस, तोही पक्षीवेडा. १९८३ साली तो बायकामुलांसह पोर्तुगालला गेला आणि तिथल्या अल्व्होर खाडीकाठी पक्षी-अभ्यासाचं केंद्र उभं करायच्या मागे लागला. पाळकानं चर्च सोडून पाणथळ जागा राखायची म्हणजे काय, असं पुष्कळांना वाटलं असेल. स्टॉट त्याच्या पाठीशी राहिले. त्यातून उभी राहिलेली ‘अ रोशा’ नावाची संस्था आज भारतासह अनेक देशांत निसर्गरक्षणाचं काम करते.

तुमच्याही घरात किंवा ओळखीत एखादा मुलगा असेल, ज्याच्याशी ‘एकदा नीट बोलायला हवं’ असं तुम्ही केव्हापासून ठरवताय. त्याला समोर बसवू नका. थंडीत पहाटेच्या गाडीनं भिगवणला न्या, उजनीच्या पाण्याकाठी उभे राहा, आणि पहिला रोहित पक्षी त्याला शोधू द्या.