हसणाऱ्यांचा वाटा

‘बुलिइंग’ला मराठीत नेमका शब्द नाही. चिडवणं म्हटलं की प्रकरण फारच हलकं होतं, छळ म्हटलं की कोर्टात गेल्यासारखं वाटतं आणि दादागिरी म्हटलं की हाणामारीच डोळ्यांसमोर येते. मग वर्षभर रोज ‘ढापण्या’, ‘काळ्या’, ‘बोबड्या’ ऐकणाऱ्या मुलाने काय तक्रार करायची? ‘मस्करी चालायचीच’ म्हटलं की विषय संपतो.

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी याच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. १९८२च्या अखेरीस तिथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यानंतर १९८३मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. मला तिसरी खूण सगळ्यात मोलाची वाटते. आपण मुलाला दोनच सल्ले देतो, ‘लक्ष देऊ नकोस’ किंवा ‘तूही दे एक ठेवून’. म्हणजे ज्याची ताकद सगळ्यात कमी, सगळं काम त्याच्याच गळ्यात.

आपला शिक्षणहक्क कायदा (२००९) कलम १७मध्ये मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतो. पण कारवाई सेवाशर्तींनुसार, म्हणजे ती मास्तरांवर. शेजारच्या बाकावरचा त्यात येत नाही. आणि मास्तर म्हणतात, ‘माझ्यासमोर तर असं काही होत नाही.’ आमच्या धंद्यात याला ‘बग रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणतात आणि तिकीट बंद करतात. अर्थात बग तिथेच असतो.

फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी १९९६मध्ये उरलेल्या वर्गाकडे पाहिलं. त्रास देणारा एखादाच असतो. काही जण त्याला साथ देतात, काही हसून चेव आणतात, काही लांब राहतात आणि थोडे मधे पडतात. आता खरा प्रश्न येतो. जो फक्त हसला, त्याचा दोष किती? चाळीस जण हसले तर एक चाळीसांश? हॉटेलच्या बिलासारखं टीटीएमएम इथे चालत नाही, असं माझं मत आहे. ते नाव ‘नाव’ होतं ते हसण्यामुळेच. कोणीच हसलं नाही तर तो नुसता एका मुलाचा आगाऊपणा उरतो. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी फोटोचं स्टिकर येतं, तेव्हा हसणारा इमोजीही नुसता इमोजी नसतो.

पण मग मधे पडणं हे प्रत्येक मुलाचं कर्तव्य मानायचं का? बारा वर्षांच्या मुलाकडून, उद्या आपला नंबर लागेल हे माहीत असताना? हे मला अन्यायाचं वाटतं. फिनलंडमधल्या ‘किवा’ कार्यक्रमात शौर्याची अट नाही. त्रास देणाऱ्यांशी मोठी माणसं बोलतात. आणि वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार समंजस मुलांना शिक्षक बोलावून सांगतात, याला सोबत द्या. लहान वर्गांत याचा गुण जास्त येतो, मोठ्या वर्गांत कमी.

न हसणं मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे. त्याला धाडस लागत नाही, फारतर थोडा अवघडलेपणा सोसावा लागतो. डबा घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसणं त्याहून थोडं अवघड. आणि हे मागायचंच असेल तर ते आधी स्टाफरूममध्ये मागायला हवं, कारण ‘ढापण्या’ हे नाव हजेरी घेताना मास्तरांच्या तोंडूनही ऐकू येतं, आणि तेव्हा वर्ग सगळ्यात मोठ्याने हसतो.