सेनापतीचा नकार

दुबळ्याच्या संयमाला फारशी किंमत नसते. ज्याच्या हाती काठीच नाही, त्याने "मी कधी कुणाला मारले नाही" असे म्हणण्यात पुण्य कसले? कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. राज्य त्यांच्या हाती कधी आले नाही. म्हणून अमर्याद सत्तेच्या मोहाची परीक्षाही आपल्या समाजाला फारशी द्यावी लागली नाही.

मात्र ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना ह्या परीक्षेत उतरलेला एक यहुदी गृहस्थ जागोजागी भेटतो. मेलबर्नमधल्या एका मोठ्या विद्यापीठाला त्याचे नाव आहे, आणि आपली कित्येक मुले तेथे शिकली. शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. ती नोट आपल्या हाती फार वेळ टिकत नाही, ही गोष्ट वेगळी! हा गृहस्थ म्हणजे सर जॉन मोनॅश.

मोनॅश यांचा जन्म 1865 साली मेलबर्न येथे झाला. आईबाप प्रशियातून आलेले, म्हणजे आपल्यासारखेच परदेशातून येऊन वसलेले. शिक्षणाने ते इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला त्यांनी एका ब्रिगेडचे नेतृत्व केले आणि 1918 साली फ्रान्समधील सगळी ऑस्ट्रेलियन कोअर, म्हणजे पाच डिव्हिजन, त्यांच्या हाताखाली आली. 4 जुलै 1918 रोजी हामेल गावची लढाई त्यांनी नव्वद मिनिटांत संपवायचे ठरविले होते. ती त्र्याण्णव मिनिटांत संपली. युद्ध थांबल्यावर सुमारे एक लाख साठ हजार सैनिकांना सुखरूप घरी पोहोचविण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. परत आल्यावर व्हिक्टोरिया राज्याच्या वीजमंडळाचे ते प्रमुख झाले आणि यालर्नच्या तपकिरी कोळशातून त्यांनी घरोघरी दिवे लावले. सैनिकांचा विश्वास आणि सामान्य माणसाची कृतज्ञता ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पदरी पडल्या होत्या.

मग आली महामंदी. कारखाने बंद पडले, माणसे कामाच्या शोधात गावोगाव भटकू लागली. पार्लमेंटात नुसते वादच चालले आहेत, असे पुष्कळांना वाटू लागले. इटलीत मुसोलिनीने घडी बसवली, मग येथे का नको, असे म्हणणारे सुशिक्षित लोक त्या काळी थोडे नव्हते. अशा काही मंडळींनी 1930 साली मोनॅश यांना गळ घातली की, आपण पुढे व्हा, देशाची सूत्रे हाती घ्या, जुने सैनिक आपल्या एका शब्दावर उठतील.

मोनॅश यांनी साफ नकार दिला. राज्यघटना उलथून पार्लमेंटचा अधिकार बळकावणे हा राजद्रोह आहे आणि आपल्याला तो करावयाचा नाही, असे त्यांनी कळविले. देशाला तारणारा मार्ग मतपेटीचा आणि शहाण्या मतदाराचा, एवढाच त्यांचा सल्ला होता.

वाचकहो, येथे एक शंका येते, आणि ती टाळून चालणार नाही. भल्या माणसांनी सत्ता नाकारली तर ती जाते कुणाकडे? शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनाला लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर. तो म्हणाला, मी नाही आणि माझा मुलगाही नाही. तुमचा राजा परमेश्वर आहे. पण त्याच्यामागे त्याचाच एक मुलगा, अबिमलेख, भावांना ठार मारून राजा झाला. तेव्हा वाचलेला धाकटा भाऊ योथाम याने डोंगरावरून एक गोष्ट सांगितली. झाडांना राजा हवा होता. जैतुनाने नकार दिला, अंजिराने दिला, द्राक्षवेलीनेही दिला. शेवटी काटेरी झुडूप तयार झाले आणि म्हणाले, या माझ्या सावलीत! मग जैतुनाचे काय चुकले? आपले तेल सांभाळीत बसणे हा सद्गुण की कामचुकारपणा?

मोनॅश यांच्या आयुष्यात ह्या शंकेचे उत्तर सापडते, असे मला वाटते. ते सत्तेपासून पळाले नाहीत. सैन्य दिले, ते चालविले. वीजमंडळ दिले, तेही खंबीरपणे चालविले. 1923 साली मेलबर्नच्या पोलिसांनी संप केला आणि शहरात लुटालूट झाली, तेव्हा सरकारने बोलावताच ते बंदोबस्ताच्या कामाला उभे राहिले. मात्र प्रत्येक वेळी काम कुणीतरी रीतसर सोपविले होते, त्याला हद्द होती आणि हिशेब विचारणारा वर कुणी होता. 1930 साली जे पुढे केले गेले त्याला हद्द नव्हती, हिशेबही नव्हता. त्यांनी नाकारले ते एवढेच. जैतुनाने तेल जरूर द्यावे. रानाचा मालक होऊ नये.

त्यांच्या नकाराने सगळे काटे नाहीसे झाले नाहीत. 1931 साली सिडनीत न्यू गार्ड नावाची संघटना उभी राहिली आणि हजारो लोक तिच्यात शिरले. मार्च 1932 मध्ये हार्बर ब्रिजच्या उद्घाटनाला त्यांच्यापैकी डी ग्रूट नावाचा एक जण घोड्यावरून आला आणि मुख्यमंत्र्यांच्या आधीच त्याने तलवारीने फीत कापली. लोक आजही त्या प्रसंगाला हसतात. पण त्या घोड्यावर युद्ध जिंकून आलेला सेनापती असता, तर कुणाला हसू आले असते काय?

ही झाली मोठ्या माणसाची गोष्ट. आता लहान माणसाची सांगतो. काही वर्षांपूर्वी येथील एका छोट्या मंडळाचे काम माझ्याकडे होते. सणांचे कार्यक्रम, मलिद्याची तयारी, वर्गणीची वही, हॉलच्या चाव्या, सगळे माझ्याच घरी. वार्षिक सभा जवळ आली तेव्हा एक वडीलधारे काका प्रेमाने म्हणाले, "अरे, निवडणूक कशाला? नुसती भांडणे होतात. तू चांगले चालवतोस, यंदा सभाच बोलावू नकोस." खरे सांगतो, मला ते पटले. दोन महिने मी सभा पुढे ढकलली आणि मनाला सांगत राहिलो की हे समाजाच्या भल्यासाठीच आहे. अखेर पत्नीने विचारले, "चाव्या मंडळाच्या आहेत की आपल्या?" मग सभा बोलावली. चाव्या दुसऱ्याकडे गेल्या. काम पहिल्यापेक्षा थोडे ढिले झाले, हेही कबूल केले पाहिजे. पण ते सर्वांचे राहिले.

मोहाचे खरे रूप मला तेव्हा कळले. तो "लूट" असे म्हणत येत नाही, "तुझ्यावाचून यांचे कसे होणार?" असे म्हणत येतो. म्हणून त्याला ओळखणे कठीण.

1931 च्या आरंभी नवी दिल्लीच्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून मोनॅश आपल्या जन्मभूमीत येऊन गेले. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला ते वारले. अंत्ययात्रेला अडीच लाखांवर माणसे लोटली. ब्रायटनच्या कबरस्तानात यहुदी विधीने त्यांचे दफन झाले. सेनापती, सर, डॉक्टर, अशा कितीतरी पदव्या कबरीच्या दगडावर कोरता आल्या असत्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यावर फक्त नाव आहे: जॉन मोनॅश. मेलबर्नला राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तेथे जाऊन यावे.